'मोठे होणे' : स्पॅनिश क्रियापदांची निवड

'मोठे होणे' हे मराठी क्रियापद फार सोशिक आहे. मुलाची उंची वाढली, तो वयात आला, त्याला जाण आली किंवा त्याने नाव कमावले, तरी आपण 'तो मोठा झाला' असेच म्हणतो. स्पॅनिशमध्ये भाषांतर करताना मात्र यांतील नेमका कोणता बदल अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे लागते.

शरीराची वाढ 'क्रेसेर' या क्रियापदाने सांगतात. रोप, नदीचे पाणी, लोकसंख्या यांनाही तेच चालते. कोणाच्या तरी घरी 'लहानाचे मोठे होणे' यासाठी 'क्रिआर्से' अधिक नेमके, कारण त्यामागील 'क्रिआर' म्हणजे पालनपोषण करणे. (मद्याचेही असेच संगोपन होते. स्पेनमधील रिओखा भागातील 'क्रिआन्सा' दर्जाचे तांबडे मद्य किमान २ वर्षे मुरवतात, त्यांपैकी निदान १ वर्ष ओकच्या पिंपात.)

वाढदिवसाच्या संदर्भात 'कुम्प्लीर आन्योस', म्हणजे 'वर्षे पूर्ण करणे', असे म्हणतात. येथे केवळ मोजणी आहे. तरीही मराठी भाषक येथे हमखास फसतो. 'तिला तिसावे लागले' याचा अर्थ स्पॅनिशमध्ये तिने २९ वर्षे पूर्ण केली असाच होतो. ३० लिहिल्यास वय एका वर्षाने वाढते.

वार्धक्यासाठी 'एंबेहेसेर' आहे. 'बिएहो' म्हणजे म्हातारा. त्याला जोडलेला '-एसेर' हा लॅटिनमधून आलेला प्रत्यय एखाद्या अवस्थेत प्रवेश सुचवतो. 'आमानेसेर' (उजाडणे) आणि 'आनोचेसेर' (रात्र पडणे) यांतही तो आहे. हे क्रियापद सकर्मकही होते : दुःख माणसाला 'म्हातारे करते'. व्यक्तीविषयी ते थोडे रोखठोक वाटते, म्हणून सौजन्याने 'आसेर्से मायोर', शब्दशः 'अधिक मोठे होणे', असे म्हणतात. गंमत अशी की, हीच शब्दयोजना बालपण सोडून प्रौढ होणाऱ्या मुलालाही लागू पडते.

खरी कसोटी 'मादुरार'ची. फळ पिकणे आणि माणसाला समज येणे, हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीत 'पक्व' या एकाच संस्कृत शब्दापासून दोन वाटा फुटल्या. 'परिपक्व' हा तत्सम शब्द बुद्धीकडे गेला, तर 'पिकणे' हे तद्भव क्रियापद फळाबरोबर केसांकडेही वळले. 'पिकले पान' म्हटले की आपल्याला वार्धक्यच दिसते. 'मादुरार'मध्ये ही जरेची छटा नाही. त्यामुळे एखाद्या कथेतील आईविषयी 'ती पिकली' असे असेल आणि भाषांतरकाराने 'मादुरार' योजले, तर तिचे पांढरे केस नाहीसे होऊन तेथे शहाणपण येते. शब्दकोशाच्या दृष्टीने यात चूक नाही, पण लेखकाने न दिलेला अभिप्राय त्या स्त्रीला चिकटतो.

सरावासाठी : 'वडील गेले आणि थोरला एका वर्षात मोठा झाला.' येथे 'क्रेसेर' आणि 'मादुरार' यांपैकी कोणते क्रियापद योजाल? थोरला ९ वर्षांचा असल्यास आणि २५ वर्षांचा असल्यास तुमचे उत्तर बदलेल काय, ते सकारण लिहा.