पुराआधींचें घर आणि पुरानंतरचें घर

पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतील जुन्या घराण्यांत कालगणनेचा एक निराळाच शक आहे. मुंज केव्हां झाली, वांटण्या केव्हां झाल्या, असें वडील माणसांस विचारावें, तर साल सांगण्याऐवजीं ‘पुराच्या आधीं’ किंवा ‘पुरानंतर’ असें उत्तर पुष्कळदां मिळतें. हा पूर म्हणजे १२ जुलै १९६१ चा. त्या दिवशीं सकाळीं पानशेतचें बांधकाम पुरें न झालेलें मातीचें धरण फुटलें. त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी शनिवार, नारायण, कसबा अशा पेठांतून शिरलें. लकडी पूल पाण्याखालीं गेला. मातीच्या भिंतींचे वाडे भिजून खचले.

हें सर्व ज्यांनीं प्रौढपणीं पाहिलें, त्यांतील फार थोडीं माणसें आज हयात आहेत. त्या वेळीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं, तीं आतां पंचाहत्तरीच्या आसपास आलीं. सरकारी चौकशीचे कागद राहतील, वर्तमानपत्रांच्या फायली राहतील. परंतु कोणत्या वाड्यांत कोणी कोणास हांक मारिली, बाळंतिणीस कोणत्या बोळांतून नेलें, देव्हाऱ्यांतील देव कोणाच्या पदरांत आले, हें त्या माणसांबरोबरच जाणार आहे.

पुराचीं जीं छायाचित्रें आपण पाहतों, तीं बहुतेक पाणी ओसरल्यावरचीं : चिखल, वांकलेल्या तुळया, अर्धी उभी राहिलेली भिंत. ती भिंत माजघराची होती कीं स्वयंपाकघराची, हें सांगावयास त्या घरांत वावरलेलें माणूसच पाहिजे. उलटपक्षीं माणसाची आठवणही घसरते. एक भाऊ म्हणतो, पाणी दोन पुरुष चढलें. दुसरा म्हणतो, छे, तीन. अशा वेळीं चित्रांतील जिना, दुकानाची पाटी, भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ यांना साक्षीस बोलवावें. कोणी सांगितलें, ‘वीज गेलेली, वर अमावास्येची रात्र,’ तर पंचांग काढून पाहावें. तें बोलणें खरें ठरतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. कागदाचें मोल त्या पिढीनें आपणांस शिकविलें. मागाहून लिहिलेल्या बखरींवर राजवाड्यांचा विश्वास बेताचाच होता, व त्यांचा तो कटाक्ष आजही उपयोगी आहे. पण ज्या गोष्टी कागदावर कधीं चढल्याच नाहींत, त्यांचें काय? मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकून नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं २००४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. स्त्रियांच्या आठवणी व चित्रें सांठविणारी ‘स्पॅरो’ ही संस्था मुंबईंत १९८८ सालीं निघाली. त्या वाटेनें घरच्या घरीं थोडें चालावयास हरकत नाहीं.

स्त्रियांचें नांव निघालें म्हणून सांगतों. एकत्र कुटुंबाचें जुनें सामुदायिक छायाचित्र उलटून पाहा. मागें पुरुषांचीं नांवें पदव्यांसह ओळीनें लिहिलेलीं असतात; उभ्या असलेल्या बायकांपुढें ‘सौ.’ एवढेंच, किंवा तेवढेंही नाहीं. कुलवृत्तांतांची गतही फारशी वेगळी नाहीं. आतां पुराचाच दाखला घ्या. खडकवासल्याचें पाणी तुटल्यावर नळ कोरडे पडले आणि वाड्यांतील विसरलेल्या विहिरी व पेशवाईंतले हौद पुन्हां कामास आले. पुरुषांच्या हकीकतींत धरण असतें, लष्कर असतें, मंत्री असतात. दहावीस माणसांच्या घरांत पाणी कसें पुरविलें, ओलें धान्य कोठें वाळविलें, सोवळें किती दिवस बाजूस राहिलें, हें सासवासुनांनाच ठाऊक. त्यांना कोणी विचारिलें नाहीं, म्हणून तें पुस्तकांत नाहीं. माझ्या मतें पुराचा अर्धा इतिहास तोच आहे.

दुसरा अर्धा पुनर्वसनाचा. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वस्त्या पूरग्रस्तांच्या पावलांनीं वाढल्या. वाडा पडला तसें कित्येक ठिकाणीं एकत्र कुटुंबही पडलें. धाकटी पाती एका बाजूस गेली, थोरली दुसऱ्या. ही गोष्ट नाजूक असते, आणि वांटणीचा जुना सल अजून दुखतही असतो. ज्यास सांगावयाचें नसेल त्यास आग्रह करूं नये. सांगितलेलें चारचौघांत नेण्यापूर्वीं त्याची अनुमति घ्यावी.

विचारण्याची रीत साधी आहे. ‘पुरांत काय झालें?’ असें विचारलें तर ऐकींव हकीकतच परत येते. त्यापेक्षां चित्र आजींच्या मांडीवर ठेवावें आणि ‘हा दरवाजा कोठला?’ एवढेंच पुसावें. मोबाइलवर ध्वनि टिपतांना आरंभीं सांगणाराचें नांव, दिवस व ठिकाण स्पष्ट बोलावें. दोन प्रती करून निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. बोलणें मध्यें तोडूं नये. वडील माणूस गप्प राहिलें तर आपणही गप्प राहावें.

छायाचित्राच्या पाठीवर शाईनें लिहूं नये, ती दुसऱ्या बाजूस उमटते. मऊ शिसपेन्सिलीनें कडेला हलकेंच लिहावें. चिकट पानांचे अल्बम घातक, त्यांतून चित्रें काढतां येत असतील तर काढावीं. पुरांत भिजून चौकटीच्या काचेला चिकटलेलें चित्र मात्र ओढून सोडवूं नये, चेहरा काचेवरच राहतो. तें काचेसकट तसेंच ठेवून त्याची प्रत घ्यावी.