आईला झाला, म्हणून मलाही होणार?

घरात कुणाला स्मृतिभ्रंश झाला की मुलांच्या मनात आधी आई-वडिलांची काळजी येते आणि तिच्या मागोमाग स्वतःची. 'हे रक्तातच असतं ना?' असं डॉक्टरांना विचारताना आवाज खाली येतो. उत्तर ऐकायची भीती असते म्हणून पुष्कळजण विचारतच नाहीत आणि वर्षानुवर्षं चुकीच्या समजुतीचं ओझं वाहतात. या प्रश्नाचं आज जे नेमकं उत्तर देता येतं, त्यातला मोठा भाग दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातून आला आहे. त्यामागे डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांची चाळीस वर्षं आहेत.

लोपेरा १९५१ साली अँतिओकिया प्रांतात जन्मले, तिथल्याच डोंगराळ यारुमाल गावात वाढले आणि मेदेयिन शहरात अँतिओकिया विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, मेंदूविकारांचं प्रशिक्षण घेत असताना, त्यांच्यासमोर पन्नाशीही न गाठलेला एक रुग्ण आला. त्याला काही आठवेनासं झालं होतं. चौकशी केल्यावर कळलं की त्याच्या वडिलांचं असंच झालं होतं आणि आजोबांचंही. बहुतेक डॉक्टरांनी केसपेपरवर 'कौटुंबिक इतिहास आहे' एवढं लिहून पुढच्या रुग्णाला बोलावलं असतं. लोपेरा त्या कुटुंबाच्या गावी गेले.

गावात या आजाराला 'बोबेरा', म्हणजे बावळटपणा, म्हणत. कुणी म्हणे पाद्र्याचा शाप आहे, कुणी म्हणे अमुक झाडाला हात लावला की होतो, कुणी करणी सांगे. त्यांना हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहावं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपणही एका आजाराला वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. वय वाढलं की नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कुठे ठेवला ते विसरतं. पण रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, आयुष्यभर केलेला स्वयंपाक जमेनासा होणं, पैशांचा हिशेब हातातून सुटणं हे वयाचं लक्षण नाही. भारतातल्या साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. याचा अर्थ साठी ओलांडलेल्या बहुसंख्य माणसांना तो नसतो.

लोपेरा आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरले. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि मृत्यूंच्या जुन्या नोंदी त्यांनी चाळल्या आणि वंशवृक्ष मागे मागे नेले. वेगवेगळी वाटणारी सुमारे पंचवीस कुटुंबं एकाच मुळाशी जाऊन मिळाली. हा काळ कोलंबियात गनिमी टोळ्यांचा आणि अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या हिंसेचा होता. त्यांच्या गटातल्या एका परिचारिकेला बंडखोरांनी काही दिवस पळवून नेलं होतं. जनुकशास्त्र म्हटलं की आपल्यासमोर चकचकीत प्रयोगशाळा येते. पण जनुकात काय शोधायचं हे कळण्याआधी कोण कुणाचा मुलगा आणि कितव्या वर्षी कोण विसरू लागलं, हे कुणीतरी ओट्यावर बसून विचारावं लागतं. लोपेरांच्या कामाचा हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

१९९५ साली दोष सापडला. चौदाव्या गुणसूत्रावर प्रेसेनिलिन-१ नावाचं जनुक असतं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनात २८० व्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं होतं, बस इतकंच. हे प्रथिन मेंदूत दुसऱ्या एका प्रथिनाचे तुकडे करणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. ते बदललं की तुकडे चुकीच्या लांबीचे पडतात आणि चिकट अमिलॉइड साचू लागतं. हा बदल ज्यांच्यात आहे त्यांना साधारण ४४ व्या वर्षी विसरभोळेपणा जाणवतो, ४९ च्या आसपास पूर्ण स्मृतिभ्रंश होतो आणि साठीच्या आसपास मृत्यू येतो. आई किंवा वडील यांपैकी एकात दोष असला तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. 'एका मुलाला झाला, आता दुसरा सुटला' हाही भ्रम, कारण प्रत्येक जन्माच्या वेळी तीच शक्यता नव्याने लागू होते. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी, स्पॅनिश वसाहतीच्या काळात, एका युरोपीय पूर्वजाकडून हा दोष तिथे आला असावा, असं जनुकीय अभ्यास सांगतो.

आता मूळ प्रश्न. कोलंबियातल्या या कुटुंबांचा आजार म्हणजे अल्झायमर, स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. असा थेट आजार घडवणारा जनुकीय दोष अल्झायमरच्या शंभरात जेमतेम एका रुग्णात असतो. आतापर्यंत अशी तीनच जनुकं ठामपणे ठाऊक आहेत. पहिलं १९९१ मध्ये लंडनमध्ये ॲलिसन गोट आणि जॉन हार्डी यांच्या गटाला एकविसाव्या गुणसूत्रावर सापडलं. त्या शोधामागेही एक कुटुंब होतं, आणि त्या कुटुंबातल्या मुलीने आपण होऊन संशोधकांना पत्र लिहिलं होतं. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये हेच गुणसूत्र जास्तीचं असतं, म्हणून त्यांच्यात अल्झायमर लवकर आणि मोठ्या प्रमाणावर दिसतो. बाकी दोन्ही प्रेसेनिलिन जनुकं १९९५ मधली. तुमच्या आईला पंचाहत्तराव्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला असेल, तर तिच्यात या तिन्हींपैकी कुठला दोष असण्याची शक्यता नगण्य आहे. तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असू शकतो, पण तो शिक्का नव्हे. पिढ्यान् पिढ्या, चाळिशी-पन्नाशीतच आजार दिसत असेल, तर मात्र न्यूरॉलॉजिस्ट आणि जनुकीय समुपदेशक यांच्याकडे जरूर जावं.

मग बाजारात मिळणाऱ्या चाचण्यांमधल्या 'एपीओई-४' या जनुकप्रकाराचं काय? १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने त्याचा अल्झायमरशी संबंध दाखवला. एक प्रत असेल तर धोका दोन-तीन पटींनी वाढतो, दोन असतील तर आणखी बराच. तरीही एपीओई-४ असलेले अनेकजण नव्वदीतही ठणठणीत असतात आणि ते नसलेल्यांना आजार होतो. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. ते आपल्याला तसेच्या तसे लावणं चूक आहे. लाळेची नळी कुरियरने पाठवून आलेल्या अहवालावर आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, असं मी आग्रहाने सांगेन.

'विसरायला लागल्यावर आजार सुरू होतो' हाही पक्का बसलेला समज. अँतिओकियातल्या दोष असलेल्या तरुणांच्या मेंदूची चित्रं घेतली तेव्हा अमिलॉइड साचायला अठ्ठाविशीच्या आसपासच सुरुवात झालेली दिसली. पहिल्या लक्षणाच्या पंधरा-सोळा वर्षं आधी! म्हणूनच लक्षणं येण्यापूर्वी औषध देऊन पाहण्याचं ठरलं. २०१३ साली २५२ जणांवर क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी सुरू झाली. तिच्यात दोष नसलेल्या नातेवाइकांनाही मुद्दाम घेतलं आणि त्यांना नुसती निष्प्रभ इंजेक्शनं दिली. हेतू हा की, चाचणीत घेतलं म्हणजे आपल्यात दोष आहे, असं कुणाला कळू नये. आपलं भविष्य जाणून न घेण्याचा हक्क त्यांना जपायचा होता.

२०२२ मध्ये निकाल आला. औषधाने लक्षणीय फरक पडला नव्हता. ही सगळी मेहनत वाया गेली, असं म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे. वर्षानुवर्षांचे रक्ताचे नमुने, मेंदूची चित्रं, स्मरणाच्या चाचण्या यांतून आजार कोणत्या क्रमाने पुढे सरकतो हे पहिल्यांदा इतक्या बारकाईने कळलं.

आणि याच कुटुंबांनी सर्वांत मोठा धक्काही दिला. तिथल्या एका बाईंमध्ये प्रेसेनिलिनचा तोच दोष होता. पन्नाशीत त्यांचं सगळं हरवायला हवं होतं. त्या सत्तरी ओलांडेपर्यंत जवळजवळ ठीक होत्या. २०१९ साली कारण प्रसिद्ध झालं. त्यांच्यात एपीओई जनुकाचा 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ प्रकार होता, तोही दोन्ही प्रतींत. त्यांच्या मेंदूत अमिलॉइड भरपूर होतं, पण पेशींचा नाश करणारं 'टाउ' प्रथिन फारच कमी पसरलं होतं. म्हणजे अमिलॉइड साचलं की बुद्धी गेलीच, हे समीकरण मोडलं. २०२३ मध्ये रीलिन जनुकातल्या वेगळ्या बदलामुळे ६७ व्या वर्षापर्यंत सुरक्षित राहिलेले एक गृहस्थ सापडले. २०२४ मध्ये क्राइस्टचर्चची एकच प्रत असलेल्या २७ जणांमध्ये आजार पाच वर्षांच्या आसपास लांबलेला दिसला. ज्या जनुकाला आपण अटळ नशीब समजत होतो, त्यालाही दुसरं जनुक थोपवू शकतं. तसाच परिणाम साधणारी औषधं बनवण्याचे प्रयत्न आता चालू आहेत.

लोपेरांना २०२४ साली पोटॅमकिन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. मेदेयिनमध्ये त्यांनी उभारलेल्या मेंदूपेढीत शेकडो मेंदू आहेत. ते या कुटुंबांनी आपली माणसं गेल्यावर दिलेले.

ज्या बहुसंख्य लोकांचा आजार एका जनुकावर ठरत नाही, त्यांच्या हातात पुष्कळ आहे. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगाने बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडला. कमी ऐकू येणं, उपचार न केलेली कमजोर नजर, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषित हवा, एकटेपणा, लहानपणी न मिळालेलं शिक्षण ही त्यांतली काही. आईला ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र लांबणीवर टाकू नका, आणि चाळिशी उलटली असेल तर स्वतःचा रक्तदाब या आठवड्यातच मोजून घ्या.