मानिंगरीडाच्या बायकांचं कापड

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड हा आदिवासींचा मुलूख आहे. तिथलं मानिंगरीडा हे गाव डार्विनपासून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटरवर. पावसाळ्यात तो रस्ताही बंद. मग विमान, नाहीतर मालवाहू बोट. डझनभर भाषा कानावर पडतील असं हे गाव.

१९८३मध्ये इथे बाबरा विमेन्स सेंटर सुरू झालं. फॅशन तेव्हा कुणाच्या मनातही नव्हती; अडचणीत सापडलेल्या बायकांना आसरा हवा होता. कापडछपाई त्या दशकाच्या शेवटी आली. हाताला काम मिळावं, चार पैसे स्वतःचे असावेत, एवढाच हेतू.

तंत्र साधं आहे. लिनोलियमच्या तुकड्यावर नक्षी उलटी कोरायची, शाई फिरवायची, कापडावर दाबायची. किंवा लांबलचक टेबलावर कापड ताणून त्यावर जाळीची चौकट ठेवायची आणि रबरी पट्टीने रंग ओढायचा. खरी कसोटी दुसऱ्या रंगाला लागते: चौकट जरा सरकली की सगळा वार वाया. कापडावर उमटतात मासे धरायचे विणलेले सापळे, गोड्या पाण्यातल्या योकयोक जलकन्या, खडकांच्या भेगांत राहणारे सडपातळ मिमी आत्मे.

यातली कोणती नक्षी कोणी काढायची, हे मात्र बाजार ठरवत नाही. ते कूळ, नातं आणि जमीन ठरवते. एखादा पाणवठा ज्यांचा, त्याचं चित्रही त्यांचंच. बाहेरच्या डिझायनरला हे जाचक वाटेल. मला वाटतं, या कापडाचा सगळा कस इथेच आहे.

याच परिसरातले गनलबिंगू चित्रकार जॉनी बुलुन बुलुन यांनी कमळं आणि हंसांचं एक चित्र काढलं होतं. ते त्यांना न विचारता कापडावर छापून बाजारात आलं. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. कॉपीराइट मोडल्याचं ते कापड विकणाऱ्या कंपनीने कबूल केलं. १९९८च्या निकालात न्यायालयाने कुळाला चित्राचा सामूहिक मालक मानलं नाही. पण चित्रकार आपल्या कुळाला बांधील असतो, एवढं मान्य केलं. अर्धाच न्याय म्हणायचा, पण तोवर तेवढाही नव्हता.

पुढे दिवस पालटले. २०१९मध्ये बाबराचं कापड पॅरिसच्या ऑस्ट्रेलियन दूतावासात प्रदर्शनात लागलं. २०२०पासून डार्विनमध्ये आदिवासी फॅशनचे राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. टाळ्या मिळतात, फोटो छापून येतात. पण २०२२मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने सांगितलं की, आदिवासी शैलीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या भेटवस्तूंवर खर्च होणाऱ्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक पैसा आदिवासींचा हात न लागलेल्या मालावर जातो. रॅम्पवर मान आणि दुकानात नक्कल, अशी ही तऱ्हा. म्हणून पाठबळ द्यायचं तर ते छपाईच्या टेबलाला द्यावं: रंगाला, जाळीला, वर्षभराच्या पगाराला, नक्षीच्या करारपत्राला.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर डहाणू-तलासरीकडे बघा. वारली चित्रं साड्यांवर, कुर्त्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर आहेतच. पुढच्या वेळी असा कुर्ता घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: चित्र कोणी काढलं, आणि त्याला किती मिळाले?