फळमाशीच्या जनुकातील एकच फरक

आंबू लागलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, म्हणजेच ड्रॉसोफिला ही फळमाशी, आंब्याला उपद्रव देणाऱ्या फळमाशीहून वेगळी आहे. तिच्या अळ्या मद्यार्काच्या सान्निध्यात वाढतात. तो पचविण्याचे काम अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर करते. मानवी यकृतातही याच नावाचे विकर असते; मात्र त्याला जस्त लागते, माशीच्या विकराला नाही. नाव एक, कूळ वेगळे.

माशीतील या जनुकाला दोन प्रवर्तक असून, एक प्रामुख्याने अळीत, तर दुसरा प्रौढावस्थेत कार्यरत असतो. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्टिन क्रेटमन यांनी १९८३ मध्ये या जनुकाच्या ११ प्रतींचा क्रम प्रसिद्ध केला. त्यांत ४३ ठिकाणी फरक आढळले. प्रथिन बदलणारा मात्र एकच. १९२ व्या स्थानी लायसिनऐवजी थ्रिओनिन आल्यास विकराची क्रियाशीलता वाढते. प्रथिन बदलणारे अन्य फरक नैसर्गिक निवडीत टिकले नसावेत, असा याचा अर्थ लावला जातो.

हा अधिक क्रियाशील प्रकार विषुववृत्तापासून दूर जावे तसा वाढत जातो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ही उतरण २० वर्षांत सुमारे ४ अक्षांशांइतकी सरकल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दक्षिणेकडील माश्या जनुकीयदृष्ट्या उत्तरेच्या उष्ण भागातील माश्यांसारख्या होऊ लागल्या होत्या.