ऊब कोठून येते?

हिवाळ्यातील पहाटे अंगात स्वेटर घातला की आपणांस ऊब वाटते, आणि म्हणून स्वेटर गरम असतो असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः स्वेटरच्या अंगी स्वतःची उष्णता मुळीच नसते. तोच स्वेटर बर्फाच्या लादीभोवती गुंडाळला, तर बर्फ लवकर वितळण्याऐवजी अधिक वेळ टिकतो. खरी शेगडी म्हणजे आपले शरीर, आणि आपण खाल्लेले अन्न हे तिचे इंधन होय. या शेगडीची ऊब बाहेर निसटू न देणे, एवढेच वस्त्राचे काम. घरी हे विसरले तरी चालते; परंतु बर्फाच्छादित प्रदेशातून दिवसामागून दिवस पायी जाणाऱ्याला ते विसरून भागत नाही. तेथे वस्त्रांची निवड चुकली, तर हातापायांची बोटे गमवावी लागतात. प्रसंगी प्राणांशीही गाठ पडते.

दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशातील एक प्रवास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजी केप इव्हान्स येथील तळावरून निघाले. सुमारे १०८ किलोमीटर दूर असलेल्या केप क्रोझियर येथे एम्परर पेंग्विन पक्षी भर हिवाळ्यात अंडी घालतात. ती अभ्यासासाठी आणावयाची होती. तिकडे जून-जुलै हे हिवाळ्याचे दिवस, आणि त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. त्या काळोखात सामानाच्या घसरगाड्या स्वतः ओढीत ते चालले होते. तापमान शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले.

इतक्या थंडीत त्यांचा छळ मांडला तो घामाने! गाडी ओढण्याच्या श्रमाने घाम येई, तो कपड्यांत मुरे आणि तेथेच गोठे. एकदा चेरी-गॅरार्ड यांनी तंबूबाहेर येऊन सभोवार पाहण्यासाठी मान वर केली, ती तशीच राहिली. अवघ्या पंधरा सेकंदांत त्यांचे कपडे गोठून लाकडासारखे कठीण झाले होते. त्यांना चार तास मान वर करूनच गाडी ओढावी लागली. तेव्हापासून ते तिघेही तंबूबाहेर येताच, कपडे गोठण्यापूर्वी, गाडी ओढण्यासाठी वाकून उभे राहू लागले. रात्रीची कथा याहून बिकट. रेनडिअरच्या कातड्याच्या झोपण्याच्या पिशव्यांत घाम आणि श्वासातील वाफ गोठून राही. अंगाची ऊब आधी हे बर्फ वितळविण्यात खर्ची पडे, आणि मग ओल्या पिशवीत कुडकुडत रात्र काढावी लागे. परत येईपर्यंत पिशव्यांत इतके बर्फ साठले, की त्यांचे वजन दुपटीच्या घरात गेले. १ ऑगस्ट रोजी तीन अंडी घेऊन ते तळावर पोहोचले, ते केवळ धैर्याच्या बळावर.

ओलावा इतका घातक का? स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. पाण्यातून ती सुमारे २५ पट वेगाने जाते. धाग्यांमध्ये कोंडलेली हवा हीच खरी ऊबदार वस्तू. त्या हवेची जागा पाण्याने घेतली, की जाड कपडाही निरुपयोगी ठरतो. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे अनेक पदर असतात. त्या पदरांमध्ये अडकलेली हवाच आपणांस ऊब देते. उत्तर कॅनडातील नेटसिलिक लोकांनी हे तत्त्व पूर्वीच ओळखले होते. ते केसाळ कातड्याची सैल वस्त्रे वापरीत. अमुंडसेन यांनी त्यांच्या सहवासात राहून ही विद्या आत्मसात केली आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुव गाठला.

आज महाराष्ट्रातील कित्येक तरुण हिवाळ्यात हिमालयात पदभ्रमणासाठी जातात. त्यांनी एकच जाड कोट घेण्यापेक्षा तीन पदरांची योजना करावी. अंगालगतचा पदर घाम शोषून बाहेर टाकणारा, म्हणजे पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून बर्फात तो टाळावा. मधला पदर लोकर, फ्लीस किंवा मऊ पिसांचा असावा. त्याने हवा कोंडून धरावी. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, हे घोंगडी पांघरून पावसात मेंढरे राखणाऱ्या धनगरास कोणी शिकवावे लागत नाही. सर्वांत बाहेरचा पदर वारा आणि हिम अडविणारा असावा. कानटोपी अवश्य घ्यावी. पायमोजे व बूट घट्ट नसावेत, कारण रक्ताचा प्रवाह रोखला की बोटे गारठतात. हातमोजे असे घ्यावेत, की ज्यांत चारही बोटे एकत्र राहतात; ती एकमेकांना ऊब देतात.

झोपेची तयारीही तितक्याच विचाराने करावी. स्लीपिंग बॅगमधील पिसे हलकी आणि ऊबदार असतात, पण भिजली की त्यांचे गोळे होतात. म्हणून बॅग जलरोधक पिशवीत ठेवावी. आपल्या भाराने खालची पिसे दबतात, तेथील हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. यासाठी अंगाखाली जाड मॅट हवीच. रात्रीकरिता कोरड्या कपड्यांचा एक जोड निराळा राखावा. थंडी वाटली तरी तोंड बॅगेत घालू नये, कारण श्वासातील वाफ आतच साठते. सकाळी ऊन मिळताच बॅग उलटी करून वाळवावी. झोपण्यापूर्वी पोटभर जेवावे, कारण शेगडीत इंधन नसेल तर पांघरूण तरी काय राखणार?

चढण लागली की अंग तापते. त्या वेळी कपडे काढण्याचा आळस करू नये. हिमप्रदेशातील जाणता प्रवासी घाम येण्यापूर्वी एक पदर उतरवितो, आणि विसाव्याला थांबताच, थंडी वाजण्यापूर्वी, तो पुन्हा चढवितो.