ठिणगी, चढ आणि कान

मोटारीच्या इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी, याचं उत्तर गाडीच्या पुस्तकात असतं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. पुस्तकातला अंश पाहायचा, टायमिंग लाइट धरून पुलीवरची खूण जुळवायची, डेल्को आवळायचा, की काम झालं. (डिस्ट्रिब्यूटरला आपल्या गॅरेजांत डेल्कोच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) ते तेवढ्यावर संपत नाही, हे कळायला एक पिस्टन गमवावा लागला.

पिस्टन वर येत असताना, टोकाला पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. कारण पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम भडकत नाही. प्लगपासून ज्योत पसरत जाते आणि त्याला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश पुढे गेलेला असतो. सर्वांत मोठा दाब टोक ओलांडल्यावर बारा-पंधरा अंशांवर आला, तर तो क्रँक फिरवायच्या कामी येतो. ठिणगीला उशीर झाला की गाडी मरगळते, तापते, पेट्रोल पिते. घाई झाली, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं. पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तसा आवाज येतो. हेच नॉकिंग. ते ठिणगीआधीच्या पेटण्याहून वेगळं आहे आणि शेवटी उरलेल्या मिश्रणात घडतं, हे इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दाखवलं.

आता अडचण अशी की गॅरेजात उभ्या गाडीच्या इंजिनावर ओझंच नसतं. टायमिंग लाइट खूण दाखवतो, नॉकिंग दाखवत नाही. ते कळतं वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढ चढताना.

ही केवळ मेकॅनिकांची रीत नव्हे. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ठरवण्याची मोजपट्टी ग्रॅहॅम एडगर यांनी १९२७ साली सुचवली: हेप्टेन शून्य, आयसो-ऑक्टेन शंभर. प्रयोगशाळेत एका सिलिंडरच्या इंजिनावर पेट्रोलं तोलली जाऊ लागली. पण तिथले आकडे रस्त्यावरच्या अनुभवाशी जुळेनात. मग १९३२ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनजवळच्या डोंगरचढावर, वेगवेगळ्या मोटारी चालवून तीच पेट्रोलं पुन्हा तपासली गेली. त्या निकालांशी जुळेल अशी प्रयोगशाळेची दुसरी पद्धत पुढे रूढ झाली, तिलाच आज मोटर पद्धत म्हणतात. यंत्रावरचा आकडा चढावरून दुरुस्त झाला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

माझी रीत साधी आहे. आधी पॉइंटमधली फट नीट करायची, कारण फट वाढली की ठिणगी आपसूक लवकर पडते. फट नंतर बदलली तर सगळी मेहनत वाया. इंजिन पुरतं गरम हवं. मग मोकळा, किंचित चढाचा रस्ता. मी सकाळी लवकर सासवडच्या बाजूला जातो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरला येऊन अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. सुरुवातीला अगदी बारीक किणकिण होऊन वेग येताच विरली, तर आपण काठावर आहोत. काठावरून किंचित मागे यायचं. डेल्को रोटरच्या दिशेनं फिरवला की ठिणगी उशिरा, उलट फिरवला की लवकर. तो क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरतो, म्हणून हातानं एक अंश सरकवला तर क्रँकवर दोन होतात. केसभर सरकवायचं, पुन्हा चढ. कमी वेगात जमलं म्हणून निर्धास्त राहू नये. जास्त वेगात ठिणगी पुढे नेणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा जुन्या गाडीत ढिल्या पडलेल्या असतात, म्हणून ताशी ६० लाही ऐकायचं.

गेल्या वर्षी मी हे सगळं केलं. किणकिण विरली त्या जागी नट आवळला. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, अजून वाजतंय काहीतरी." मी म्हणालो, "टॅपेट असतील गं." महिन्याभरानं खंबाटकी चढताना आरशात निळा धूर दिसला. इंजिन उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली. कुणा मेकॅनिकवर ढकलायची सोय नव्हती, हात माझाच होता.

नंतर कान तपासून घेतले. ४००० हर्ट्झच्या वरचं मला बरंच कमी ऐकू येतं. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचं हेच होतं. आणि नॉकिंगचा आवाज साधारण ६००० ते ८००० हर्ट्झच्या घरात असतो! म्हणजे मला आवाज थांबलेला वाटला, तेव्हा तो फक्त माझ्यापुरता थांबला होता. आजच्या गाड्यांत इंजिनाच्या ठोकळ्यावर बसवलेला सेन्सर हीच कंपनं टिपतो, नॉकिंग होताच ठिणगी काही अंश मागे घेतो आणि हळूहळू पुन्हा पुढे आणतो. माझ्यासारखी त्याची रोजच चढावरची परीक्षा. फक्त त्याला वय होत नाही.

नवे पिस्टन बसल्यावर पुस्तकातल्या आकड्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तो ज्या पेट्रोलसाठी लिहिला, ते पंपावर मिळतच नाही. शिसं २००० साली गेलं. आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल नॉकिंग चांगलं रोखतं, पण स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्यानं जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ करतं. दोन्हींची बेरीज माझ्या इंजिनात काय होते, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? पुन्हा सासवडचा रस्ता धरला. या वेळी गाडी मी चालवली, ऐकलं मुलीनं. ती "आता नाही" म्हणाली तिथे डेल्कोच्या बुडाशी छिन्नीनं रेघ मारली. माझ्या जुन्या खुणेपासून ती क्रँकच्या मापानं सहा अंश मागे आहे.