दिसू नये म्हणून केलेले काम

नव्या घरात पाहुणे आले, की आधी ओट्याचा ग्रॅनाइट बघतात, मग फरशी, मग पडद्यांचा रंग. मान वर करून छताकडे कुणी बघितलेच, तर दिव्यांचे कौतुक होते. त्या छतात बोर्डांचे सांधे किती आहेत, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. तो येऊ नये यातच कारागिराचे यश आहे. पण त्यामुळेच त्याच्या कष्टांचा हिशेबही कुणाच्या मनात येत नाही.

हल्ली आपल्याकडे पीओपीच्या जोडीने तयार जिप्सम बोर्डांची छते सर्रास होतात. दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा गर, जाडी बहुधा साडेबारा मिलिमीटर. हे मूळ अमेरिकेतले. न्यूयॉर्कच्या ऑगस्टीन सॅकेट यांनी अशा बोर्डाचे पेटंट १८९४ मध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरे बांधण्याची एकच धांदल उडाली आणि ओला गिलावा वाळण्याचे दिवस वाचावेत म्हणून हे बोर्ड घरोघरी गेले. मात्र गिलावा एकसंध असतो. बोर्ड म्हटला की सांधा आलाच. मग सांधे भरायची हत्यारेही तिकडे निघाली. एका लांब नळीत सांधे भरायची लांबी भरतात, तिला कागदी पट्टीचे रीळ जोडतात आणि चाके सांध्यावरून फिरवत नेतात. पट्टी आणि लांबी एकदमच बसतात. या नळीला कारागिरांनी नाव ठेवले ‘बझूका’, म्हणजे महायुद्धातली खांद्यावरची तोफ! तिच्यामागून लांब दांड्याची पेटी फिरते आणि लांबीचा सपाट थर देते. साध्या उंचीच्या खोलीत माणूस जमिनीवर उभा राहून छत उरकतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून घोडी, पोलादी पट्टी आणि माणसाची मान यांवरच काम चालते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दिवाणखान्याचे छत झाले, तेव्हा मी रोज घोडीखाली खुर्ची टाकून बसत असे. बोर्डाच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात. दोन बोर्ड शेजारी आले, की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. तिच्यात आधी लांबी, ती ओली असतानाच वर कागदी पट्टी, मग पट्टीने दाबून जास्तीची लांबी बाहेर. खाली लांबी कमी पडली, तर पट्टी फुगते. जास्त राहिली, तर उंचवटा येतो. हा थर वाळला की दुसरा, थोडा रुंद; तो वाळला की तिसरा, आणखी रुंद. आखूड कडांना मात्र उतार नसतो. तिथला उंचवटा लपवायला लांबी दोन्ही बाजूंना हात-हात भर पसरावी लागते.

“मिस्त्री, एकाच दिवसात तिन्ही हात नाही का मारता येत?” मी विचारले.

“मारता येतात की साहेब. सहा महिन्यांनी रेघ दिसते, तेव्हा आम्ही दुसऱ्या साइटवर असतो. भरणं तासाभराचं काम हो, वाळू देणं खरं. त्याचे पैसे कोण देतो?”

सारी मेख इथे आहे. तयार मिश्रण पाणी उडून वाळते आणि वाळताना आकसते. साधारणपणे एका थराला एक दिवस धरावा. पावसाळ्यात त्याहून जास्त. पण मजुरी चौरस फुटावर ठरलेली, गृहप्रवेशाचा मुहूर्त पत्रिकेवर छापलेला. थांबण्याचा दिवस कुणाच्याच हिशेबात नसतो. मग थर घाईने चढतात, कधी कागदी पट्टीच गाळली जाते, आणि पुढे तडा गेला की दोष मिस्त्रीच्या हाताला.

दुसरा हिशेब धुळीचा. शेवटच्या थराला पॉलिश पेपर लावताना पिठासारखी पूड थेट तोंडावर पडते. आमचा मिस्त्री नाकाला रुमाल बांधत असे. तेवढ्याने बारीक पूड अडत नाही. या मिश्रणात सिलिका असू शकते आणि ती फुप्फुसांना वाईट. अमेरिकेत एके काळी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस घालत. घरगुती वापराच्या अशा मिश्रणांत ते घालण्यावर तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९७७ मध्ये बंदी घातली. तोवर कितीतरी कारागिरांच्या श्वासातून ते गेले होते.

मी मग चांगल्या प्रतीचे मास्क आणून दिले आणि रंगारी चार दिवस पुढे ढकलला. तुमच्याकडे छत होणार असेल, तर दर ठरवतानाच थरांमधले दिवस आणि कागदी पट्टी बोलून घ्या. रंगापूर्वी, अंधार पडल्यावर बॅटरी छताला चिकटवून आडवा उजेड टाका. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. आमच्याकडे मिस्त्रीनेच तो उजेड टाकला, दोन ठिकाणी पेन्सिलीने गोल केले आणि म्हणाला, “साहेब, उद्याचा दिवस आणखी द्या.”

त्या दिवसाची मजुरी आम्ही वेगळी दिली.